माऊस कोणाच्या हातात?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण रेशन, पोटगी आणि घरातल्या मारहाणीबद्दल बोलतो आहोत. अशा वेळी एखादी उठून मुलांच्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायला लागली, तर 'हिला दुसरं काही सुचलं नाही का' असं वाटणारच. तीन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या वस्तीत मे महिना म्हणजे कामाला जाणाऱ्या बायांच्या जिवाला घोर. शाळा बंद. मुलगे मोबाइलवर गेम खेळत दिवसभर बाहेर, आणि मुली घरात, काखेत धाकटं भावंड घेऊन. त्या वर्षी कोणीतरी सहा जुने लॅपटॉप दिले आणि इंजिनिअरिंगला असलेल्या दोन मुली शिकवायला तयार झाल्या. म्हणाल्या, "ताई, मुलांना गेम खेळायला नाही, गेम बनवायला शिकवू." असं आमचं शिबिर सुरू झालं.

आम्ही 'स्क्रॅच' वापरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं आणि २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. त्यात रंगीत ठोकळे असतात. 'दहा पावलं पुढे जा', 'हे पुन्हा पुन्हा कर', 'कडेला लागलास तर वळ', अशी एकेका ठोकळ्यावर एकेक सूचना. ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर तसं वागायला लागतं. एवढंच कोडिंग. पण सूचना चुकली की मांजर चुकतं, आणि कुठे चुकलं ते आपलं आपण शोधावं लागतं. कोणी ओरडत नाही, कोणी मार्क कापत नाही. आमच्या मुलींना चुकण्याची एवढी मोकळीक दुसरीकडे कुठे मिळते, सांगा.

आता आमच्या चुकांबद्दल. पहिल्या वर्षी अठरा मुलं आली, त्यांत दहा मुली. आम्ही खूश. एका लॅपटॉपवर तिघं बसत. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन मागे बसले आणि दर पाच मिनिटांनी फक्त एकच गोष्ट टिपली: माऊस कोणाच्या हातात आहे? तासाभरात कळून चुकलं. मुली संख्येने जास्त, पण माऊस बहुतेक वेळ मुलग्यांकडे. मुली काय करत होत्या? पडद्याकडे बोट दाखवून सांगत होत्या आणि वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तो पटकन करतो ना, ताई." घरातली श्रमविभागणी लॅपटॉपसमोर जशीच्या तशी येऊन बसली होती.

हे आपल्याच वस्तीत घडतं असं नाही. १९४६ साली अमेरिकेत 'एनियाक' हा खोलीभर आकाराचा संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाजणी बायका होत्या. समारंभात त्यांची ओळखसुद्धा करून दिली गेली नाही. तरीही बायका या क्षेत्रात येत राहिल्या. १९८४ च्या सुमारास तिथे संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या. त्यानंतर हे प्रमाण घसरत गेलं. याच काळात घरगुती कॉम्प्युटर आले, ते मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले गेले आणि मुलग्यांच्या खोलीत जाऊन बसले. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी एका विद्यापीठात अभ्यास करून २००२ साली हे पुस्तकात मांडलं. कॉलेजात येईपर्यंत मुलगे सरावलेले असत, आणि मुलींना वाटे की आपल्यालाच हे जमत नाही. विद्यापीठाने प्रवेशाची आणि शिकवण्याची पद्धत बदलली, तेव्हा पाच वर्षांत तिथल्या मुलींचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे दोष मुलींच्या डोक्यात नव्हता.

गेमचंही तेच. १९८१ चा 'डाँकी काँग' घ्या किंवा १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. पळवून नेलेली बाई आणि तिला सोडवणारा पुरुष. खेळणाऱ्याला मिळणारं बक्षीस म्हणजे बाई. गेम बनवणाऱ्याच्या डोक्यात जे असतं तेच पडद्यावर येतं. म्हणून बनवणारे कोण, हा प्रश्न आपला आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, दर पाच मिनिटांनी घंटा. घंटा झाली की माऊस शेजारच्याकडे, मग काम अर्धवट राहो. दुसरी, पहिला आठवडा फक्त मुलींचा. हात बसल्यावर एकत्र वर्ग. तिसरी गोष्ट आयांनी शिकवली. आम्ही सकाळी दहाची वेळ ठेवली होती आणि टँकर यायचा दहालाच! मुली गळायच्या, आणि आम्ही म्हणायचो की त्यांना आवड नाही. आता वेळ दुपारी तीनची आहे, आणि धाकट्या भावंडांसाठी शेजारच्या खोलीत एक बाई बसते.

त्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने टँकरचाच गेम केला. वरून पाणी पडतं, खाली हंडा डावीउजवीकडे सरकवायचा, पाणी हंड्यात पडलं तर गुण, सांडलं तर वजा. शेवटच्या दिवशी तिची आई बघायला आली. चार घरची धुणीभांडी करून आलेली, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेली. थोडा वेळ बघून म्हणाली, "एवढं सावकाश कुठे असतं गं पाणी? आणि मध्येच घुसणारी कुठाय?" मुलीने तिथल्या तिथे पाणी पडण्याचा आकडा तिनाचा दहा केला, आणि मग दोघी मिळून मध्ये घुसणारीला कुठून आणायचं यावर वाद घालत बसल्या. मैत्रिणींनो, आईचं ज्ञान आणि मुलीचं कौशल्य एका टेबलाशी बसलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

पण सगळंच असं गोड नाही. एक मुलगी चौथ्या दिवसापासून यायची थांबली. सगळ्यांत हुशार. घरी गेलो तर मोठा भाऊ म्हणाला, "मुलींना कशाला हे? उद्या मोबाइल मागेल." आई गप्प. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा आईचं काम वाढलं होतं आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. ती आली नाही. घंटा वाजवून माऊस हातात देता येतो, घरातला हा निर्णय घंटेने बदलत नाही. तिथे आपलं जुनंच काम करावं लागतं: घरी जाणं, बोलणं, पुन्हा जाणं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलं होतं, बायकांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावीपासून कोडिंग आलं. पाठोपाठ पालकांना घाबरवून हजारोंचे क्लास विकणारेही आले. आपण त्यांच्यासारखं बोलायचं नाही. 'हे शिकलीस की नोकरी लागेल' असं आम्ही कुठल्याही मुलीला सांगत नाही, कारण ते खरं नाही. आम्ही एवढंच सांगतो, की हे यंत्र माणसांनी बनवलं आहे, ते कसं चालतं हे तुला कळू शकतं, आणि ते तुझ्या सांगण्यावरून चालू शकतं.

तुमच्या वस्तीत असं शिबिर घ्यायचं असेल तर खर्चाची भीती बाळगू नका. जुने लॅपटॉप चालतात. शिकवायला शक्यतो मुली आणा. वेळ आयांना विचारून ठरवा. आणि एक दिवस वही घेऊन मागे बसा. किती मुली आल्या हे हजेरीपत्रक सांगेल. माऊस कोणाच्या हातात आहे, हे तुम्हालाच मोजावं लागेल.