सातबाऱ्यावर नाव कुणाचं?



परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून सुरू आहे.
सेंद्रिय शेतीसाठी गट करायचा.
मदत तीन वर्षं.

मग तरुण मागे का?

शेतात राबतो मुलगा.
सातबारा वडिलांच्या नावावर.
कधी तर वारलेल्या आजोबांच्या!
अर्जाला मात्र सातबारा लागतो.

खंडानं कसणाऱ्यांचा करार बहुधा तोंडीच.
सुनेच्या नावाचा तर विषयच निघत नाही.

आजोबा वारले असतील, तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) आधी वारसनोंद करा.
वडील हयात आहेत, राजी आहेत?
मग घरात एकमतानं ठरवा.
वाटणीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करा.
त्यासाठी आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ८५.

पुन्हा सांगते.
आधी सातबाऱ्यावर नाव.
मग योजनेचा अर्ज.

गटाची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीच्या कृषी सहायकांकडे) करा.