एका दिवसाचा डोंगर



आपल्या नाशिकला डोंगर शोधत जावे लागत नाही. पश्चिमेस अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, उत्तरेस सातमाळा, आणि घोटीच्या पलीकडे कळसूबाईची रांग. सकाळी निघून रात्री जेवायला घरी यावे इतके हे सारे जवळ. म्हणूनच की काय, आम्ही नाशिककर जाताना फारसा विचार करीत नाही. दशम्या बांधल्या आणि गाडी काढली, की बेत पुरा झाला असे आम्ही समजतो. वास्तविक बेतातली पहिली गोष्ट म्हणजे परत फिरण्याची वेळ, आणि ती घरी बसूनच ठरवायला हवी.

कळसूबाईचेच पाहू. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. १९८६ पासून हा मुलूख अभयारण्यात मोडतो. बारी गावातून माथ्यापर्यंतचा चढ आठशे मीटरांहून अधिक. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला : चालीला तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाला वर आणखी एक तास. म्हणजे येथे चालणे बाजूला ठेवले तरी नुसत्या उंचीचाच सव्वा तासाहून अधिक वेळ झाला. आणि तोही सरावाच्या, न थांबणाऱ्या माणसाचा! आपल्या मंडळीत मुले असतात, गुडघे धरणारे काका असतात, लोखंडी शिड्यांपाशी खोळंबा होतो. आम्ही चढायला चार तास, उतरायला तीन आणि देवीपाशी एक तास धरतो.

आता उलटे मोजा. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो. पाचला पायथा गाठायचा, तर दोनला माथा सोडला पाहिजे, आणि नऊला बारीतून पाऊल उचलले पाहिजे. दोन वाजले आणि माथा आला नाही, तर जेथे असू तेथून फिरायचे. शेवटची शिडी डोळ्यांसमोर असली तरी. हे फार जड जाते. त्या वेळी वाद घालायला सगळेच तयार असतात, म्हणून तर ते आधी ठरवायचे.

ब्रह्मगिरीच्या फेरीला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पुष्कळ लोक आदल्या रात्रीच निघतात. त्यांना नेस्मिथ ठाऊक नाही, पण वेळेचा हिशेब पक्का असतो.

हरिहरची गोष्ट निराळी. चढ थोडा, पण कातळात कोरलेला तो उभा जिना अरुंद आहे, आणि जाणारे-येणारे त्याच पायऱ्यांवर. पावसाळी रविवारी तेथे उशिरा पोचणे म्हणजे ओल्या दगडावर ताटकळणे. तेथे शक्यतो आडवारी जावे. ओढ्यांचेही तसेच : सकाळी घोट्याएवढे पाणी दुपारी कमरेला लागते, तेव्हा पलीकडे जाण्यापूर्वी परतीची दुसरी वाट गावकऱ्यांना विचारावी. आणि वळवाच्या दिवसांत दुपारी ढग जमू लागले, की माथा आणि लोखंडी कठडे सोडून खाली यावे.

प्रथमच जाणाऱ्यांनी अंजनेरीपासून आरंभ करावा. वाट रुळलेली आहे. फक्त पावसाळ्यात पठारावर पायवाट सोडू नये. याच डोंगराचे नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात तेथल्या गवतात उगवते, आणि फुलाखेरीज ती चटकन ओळखू येत नाही.