विमानांमधले न दिसणारे अंतर

हवाई कसरतींचे जे फोटो वर्तमानपत्रांत ठळकपणे छापले जातात, त्यांतली दोन विमाने बहुधा एकमेकांवर आदळण्याच्या बेतात दिसतात. भारतीय हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाने नोव्हेंबर 2022 मध्ये नागपूरच्या वायुसेना नगरात आणि जानेवारी 2024 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कसरती केल्या. अशा कार्यक्रमांनंतर हे फोटो मोबाइलवरून गावोगाव पोचतात आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. फोटो खोटा नसतो. मात्र त्यातून दोन गोष्टी गळलेल्या असतात, खोली आणि वेळ.

समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडणारी विमाने प्रेक्षकांपासून सारख्या अंतरावर नसतात. समजा, एक 500 मीटरवर आहे आणि दुसरे त्याच्या पलीकडे 515 मीटरवर. ‘सूर्यकिरण’च्या हॉक विमानाच्या पंखांचा विस्तार जेमतेम 10 मीटर, म्हणजे दोन्हींमधले अंतर त्याच्या दीडपट. तरीही पलीकडचे विमान अलीकडच्यापेक्षा फक्त तीन टक्क्यांनी लहान दिसते, आणि एवढा फरक नजरेला कळत नाही. हीच दोन विमाने 20 आणि 35 मीटरवर असती, तर दुसरे निम्म्याहून थोडेच मोठे दिसले असते.

यात दोष नेहमी टेलिफोटो लेन्सला दिला जातो, तो अर्धवटच खरा आहे. विमाने जवळ भासतात ती लांबून पाहिल्यामुळे. लेन्स फक्त त्या लांबच्या दृश्याचा बारीक तुकडा कापून मोठा करते. 36 मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 400 मिलिमीटरची लेन्स लावली, तर 500 मीटरवर आकाशाची 45 मीटर रुंद पट्टीच चौकटीत येते. बाजूचे मोकळे आकाश, जमीन, झाडे, सगळे बाहेर राहते आणि तुलनेला काहीच उरत नाही.

डोळ्यांचेही असेच होते. दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरचे अंतर. त्यावरून अर्ध्या किलोमीटरवरची खोली ठरवता येत नाही. भंडारा जिल्ह्यातील आसगावात शेतात उभे राहून वर पाहिले, तर याचा पडताळा मिळू शकतो. दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारे हवाई मार्ग नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात. वर जाणाऱ्या दोन प्रवासी विमानांच्या पांढऱ्या रेघा एकमेकींना कापतात तेव्हा विमाने घासून गेल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या उंचीत किमान 1000 फूट, म्हणजे सुमारे 300 मीटर फरक राखलेला असतो. विमाने दहा-अकरा किलोमीटर वर असल्याने खालून पाहणाऱ्याला हा फरकही तीन टक्क्यांच्याच आसपास पडतो.

आता वेळ. प्रत्येक विमानाचा वेग ताशी 650 किलोमीटर धरला, तर समोरासमोरची दोन विमाने सेकंदाला सुमारे 360 मीटर या गतीने जवळ येतात. सेकंदाला 20 फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातही एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत 18 मीटरचा फरक पडतो. त्यामुळे विमाने नेमकी एकावर एक आलेली सापडणे हा नशिबाचा भाग. डझनभर फोटोंतून तोच निवडला जातो, बाकीचे कोणी पाहत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे नऊ विमानांची रचना. तिथली जवळीक खरीच असते. पंखांच्या टोकांत पाच मीटरहूनही कमी अंतर राहते. पण सगळी विमाने एकाच दिशेने, एकाच वेगाने जात असल्याने एकमेकांच्या संदर्भात ती जवळजवळ स्थिर असतात आणि वैमानिक शेजारच्या विमानावर नजर ठेवून आपली जागा सतत सावरत असतो. फोटोत मात्र ही खरी जवळीक आणि ओलांडणाऱ्या जोडीची भासणारी जवळीक सारखीच दिसते. धोका दोन्हींत आहे, आणि तो फोटोवरून मापता येत नाही. 19 फेब्रुवारी 2019 रोजी बंगळुरूजवळ येलहंका येथे सरावात ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने धडकली आणि एका वैमानिकाचा मृत्यू झाला. जर्मनीतील रामस्टाइन येथे 1988 मध्ये इटलीच्या पथकाची विमाने आदळली, त्यात 70 माणसे दगावली, बहुतेक प्रेक्षकच. त्यानंतर युरोपात कसरतींची जागा गर्दीपासून दूर ठेवण्याचे नियम कडक झाले.

फोटोवरून खरे अंतर काढायचे असेल, तर दोन्ही विमानांची लांबी मोजावी लागते. वर धरलेल्या उदाहरणात 6000 पिक्सेल रुंद फोटोत हॉक सुमारे 1600 पिक्सेल लांब उतरते आणि तीन टक्के म्हणजे जवळपास 50 पिक्सेल. एवढा फरक मोजता येतो, पण फोटो स्वच्छ हवा आणि दोन्ही विमाने सारख्याच कोनात हवीत. त्याच क्षणी विमानांच्या मार्गाच्या रेषेत उभे राहून घेतलेला दुसरा फोटो मिळाला, तर मोजमापाचीही गरज नाही. दोन मार्गांमधली फट त्यात सरळ दिसते. असे फोटो छापले जातात क्वचितच.