दुचाकीचा दिवा : हॅलोजन आणि एलईडी

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी रात्रीच्या प्रवासात बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला वाट फारशी दिसत नसे. वाट बैलांच्या पायांनाच ठाऊक असे. परंतु मागून-पुढून येणाऱ्याला येथे गाडी चालली आहे एवढे त्या मिणमिणत्या ज्योतीवरून कळत असे. आपले अस्तित्व दुसऱ्यास कळविणे हे रस्त्यावरील दिव्याचे पहिले काम होय. पुढे यंत्रवाहने आली, वेग वाढला आणि चालकाला पुढचा रस्ता दाखविणे हे दुसरे काम दिव्याकडे आले. वाहनांची गर्दी झाली तेव्हा त्याहून अवघड असे तिसरे काम त्याच्या वाट्यास आले. ते म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे न दिपविणे. जो दिवा ही तिन्ही कामे एकाच वेळी पार पाडतो, तोच वाहनाचा चांगला दिवा. मोटारसायकलमधील हॅलोजनचा बल्ब काढून त्या जागी एलईडीचा बल्ब बसविण्याची जी रीत आज गावोगावी रूढ झाली आहे, तिचा विचार याच कसोटीवर करावयास हवा.

ही रीत केवळ हौसेतून आलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पहाटे दूध घेऊन निघणारा शेतकरी, रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, दूरच्या शाळेतून अंधारात घरी येणारा शिक्षक यांना रस्ता नीट दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर तोडले जाते. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी वाहन थांबण्यास आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे पन्नासाहून अधिक मीटरपर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसला पाहिजे. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात पुढे असते, तेव्हा या हिशेबातील दहा मीटरांची तूटही प्राणावर बेतू शकते.

यावर दुकानात सोपा उपाय हाती ठेवला जातो : जुना बल्ब काढा, नवा लावा. पुड्यावर हजारो ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो. आपल्याकडील अनेक मोटारसायकलींत ‘एचएस-१’ जातीचा, १२ व्होल्टचा, ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्याचा मानक प्रकाश अपरवर सुमारे ८२५ आणि डिपरवर सुमारे ५२५ ल्यूमेन एवढा धरलेला आहे. दोन आकड्यांची तुलना करून ग्राहक हरखतो. परंतु ल्यूमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश रस्त्यावर पडतो, झाडाच्या शेंड्यावर पडतो की समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे तो आकडा सांगत नाही. शेतात किती पाणी सोडले याबरोबरच ते कोणत्या सरीत गेले हेही पाहावे लागते, तसेच हे आहे.

येथे दोन्ही दिव्यांची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार विजेने तापून प्रकाशते. तापलेल्या तारेतून उडणारे टंगस्टनचे कण काचेवर साचून ती काळी पडू नये म्हणून आत आयोडीन किंवा ब्रोमीन अल्प प्रमाणात मिसळलेले असते. त्या योगाने उडालेले टंगस्टन पुन्हा तारेकडे परतते. युरोपात हे बल्ब मोटारींत १९६२ पासून येऊ लागले आणि अपर व डिपर अशा दोन तारा एकाच बल्बात असलेला ‘एच-४’ हा प्रकार १९७१ मध्ये आला. या बल्बचा मोठा दोष असा की, त्याला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो.

एलईडीमध्ये तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या सूक्ष्म तुकड्यातून वीज जाताच तो प्रकाश देतो. निळा प्रकाश देणारी एलईडी साध्य होईपर्यंत पांढरा उजेड मिळण्याची वाट अडलेली होती. ती मोकळी करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. एलईडी कमी विजेत अधिक उजेड देते, हे निर्विवाद आहे. तिच्यासाठीच घडविलेल्या हेडलॅम्पसह अनेक नव्या मोटारसायकली आज कारखान्यातूनच बाहेर पडतात आणि त्यांविषयी येथे तक्रार नाही. प्रश्न आहे तो एकासाठी घडविलेल्या घरात दुसऱ्याला बसविण्याचा.

हेडलॅम्प म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्बच्या मागील चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, हा त्याचा खरा कारागीर होय. या वाटीचा बाक बल्बमधील तारेची नेमकी जागा धरून आखलेला असतो. जुन्या पद्धतीच्या हेडलॅम्पमध्ये अपरची तार वाटीच्या केंद्रबिंदूपाशी असते, म्हणून तिचा झोत सरळ दूर जातो. डिपरची तार किंचित पुढे असते व तिच्याखाली धातूची छोटी पन्हळ असते. त्यामुळे तिचा प्रकाश वाटीच्या वरच्या भागावरच पडतो व तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. एलईडी बल्बमध्ये मात्र एका पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाश देणारे चपटे तुकडे बसविलेले असतात. पट्टी जाड असली, तुकडे तारेच्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर सरकलेले असले किंवा बल्ब होल्डरमध्ये तिरका बसला, तरी वाटीची सारी आखणी बिघडते. मग डिपरचा झोत खाली वळण्याऐवजी विस्कटून वर चढतो.

गंमत अशी की, अशा वेळीही चालकाला उजेड वाढल्यासारखेच वाटते. पुढच्या चाकासमोरचा पाच-दहा मीटरचा पट्टा लख्ख उजळतो. परंतु जवळचा भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचा काळोख अधिकच गडद भासतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की तेवढाच उजेड पोचविण्यास चौपट प्रखर झोत लागतो. जवळच विखुरलेला प्रकाश दूरवर उपयोगी पडत नाही. जेथून बैलगाडी दिसावयास हवी, तेथे फारसे काही वाढलेले नसते.

समोरून येणाऱ्याची अवस्था याहून बिकट होते. एकदा डोळे दिपले की दृष्टी पुन्हा स्थिरावण्यास काही सेकंद जातात. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेला मनुष्य तीन सेकंदांत ३३ मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापतो. वय वाढत जाते तसा हा काळही वाढतो. निळसर पांढरा प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्यांना अधिक बोचतो, हाही अनुभव आहे. अरुंद रस्त्यावर ज्याचे डोळे दिपले तो समोरच्या मोटारसायकलवरच आदळू शकतो, म्हणजे दिवा लावणाराही त्या धोक्यातून सुटत नाही.

दोन तांत्रिक बाबी येथेच सांगणे योग्य होईल. पहिली वीजपुरवठ्याची. अनेक जुन्या मोटारसायकलींत हेडलॅम्पला बॅटरीतून नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोमधून परस्पर एसी वीज मिळते. इंजिन मंद झाले की दिवा मंदावतो, त्याचे कारण हेच. केवळ डीसी विजेसाठी केलेला एलईडी बल्ब अशा गाडीत लावला, तर तो लुकलुकतो किंवा लवकर निकामी होतो. दुसरी बाब उष्णतेची. हॅलोजनची बरीच उष्णता प्रकाशाबरोबर पुढे फेकली जाते. एलईडीची मात्र बुंध्याशी साचते. म्हणूनच तिच्या मागे धातूचे पंख किंवा छोटा पंखा असतो. हेडलॅम्पच्या मागची जागा अपुरी असली आणि वर रबरी टोपी घट्ट बसविली, तर उष्णता कोंडते, उजेड उतरतो व बल्बचे आयुष्य घटते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलॅम्प इंजिन चालू असेतो आपोआप जळत राहतो. अशा वाहनात ही कोंडी दिवसभर चालते.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसास तो दिपविणारा नसावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात मनाजोगे फेरफार करण्यावर बंधन घातले आहे. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमांत न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जर्मनीत २०२० मध्ये एलईडीच्या बदली बल्बांना वाट देण्यात आली. पण तीही विशिष्ट बल्ब विशिष्ट वाहनाच्या हेडलॅम्पमध्ये बसवून चाचणी झाल्यानंतरच. बल्ब आणि हेडलॅम्प ही जोडी म्हणूनच तपासली पाहिजे, हा त्यातील बोध आहे.

मग अंधारात चाचपडणाऱ्या चालकाने करावे काय? बल्ब बदलण्यापूर्वी आहे तो दिवा पुरा कामास लावावा. काच धुळीने, चिखलाने किंवा उन्हाने पिवळी पडली असेल, तर ती स्वच्छ करावी अथवा बदलावी. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल, तर कोणताही बल्ब उपयोगाचा नाही. यानंतर मेकॅनिककडून बल्बच्या होल्डरपाशी विजेचा दाब मोजून घ्यावा. गंजलेल्या जोडण्या व सैल अर्थिंग यांमुळे दाब दहा टक्के घटला, तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. अनेकदा दिव्याचा म्हणून समजला जाणारा दोष वायरिंगचा निघतो.

शेवटी झोताची दिशा पाहावी. सपाट जागी भिंतीसमोर मोटारसायकल उभी करून हेडलॅम्पच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करावी. नंतर वाहन दहा मीटर मागे घेऊन, नेहमीचा चालक बसलेला असताना डिपर लावावा. प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावी. वाहनाच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल, तर ते प्रमाण मानावे. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असले की मागची बाजू दबून झोत वर चढतो. त्यामुळे नेहमी ओझे वाहणाऱ्याने ओझ्यासह ही चाचणी करावी.

एवढे करूनही उजेड अपुरा वाटला आणि एलईडीच हवी असली, तर त्या मॉडेलसाठी उत्पादकाने तयार केलेला, चाचणी होऊन मान्यता मिळालेला संपूर्ण एलईडी हेडलॅम्प हा सरळ मार्ग होय. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या करते. वस्तूला मान्यता आहे काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे आणि शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ज्यांनी सुटा एलईडी बल्ब आधीच बसविला आहे, त्यांनी निदान भिंतीवरील चाचणी आजच रात्री करून पाहावी. डिपरला स्पष्ट कड दिसत नसेल आणि उजेड खुणेच्या वर पसरत असेल, तर तो बल्ब उतरवून मूळ जातीचा बल्ब लावणेच श्रेयस्कर.

या कामी शाळा आणि पंचायत यांचा वाटा मोठा आहे. तोंड फिरवून झोत लहानमोठा करता येणारी जुनी विजेरी अनेक घरांत अजूनही सापडते. विज्ञानाच्या तासाला शिक्षकाने ती भिंतीवर रोखून फिरवून दाखविली, तर बल्ब केसभर सरकताच झोत कसा विस्कटतो हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतील आणि रात्री घरी जाऊन वडिलांना सांगतील. ग्रामपंचायतीने आपल्या आवारातील भिंतीवर मापाच्या रेघा कायमच्या रंगवून घेतल्या आणि महिन्यातून एका संध्याकाळी गावातील मेकॅनिकला बसविले, तर खर्च रंगाच्या डब्याएवढाच येईल. त्याच संध्याकाळी बैलगाड्या आणि ट्रॉल्या यांच्या मागे परावर्तक पट्ट्या लावून घ्याव्यात. मंद दिव्याचाही उजेड त्या पट्ट्यांवरून चालकाकडे परत येतो. म्हणजे प्रखर बल्ब लावण्याची निकडच कमी होते.

आपला दिवा कसा आहे, हे ज्याचे त्याला दिव्यामागे बसून कळत नाही. ते समोरच्याला कळते. म्हणून प्रत्येक चालकाने एकदा आपले वाहन दुसऱ्याच्या हाती द्यावे, डिपर लावण्यास सांगावे आणि आपण रस्त्यावर समोर उभे राहून पाहावे. डोळ्यांवर हात धरावा लागला, तर आपला दिवा दुरुस्त करून घ्यावा.