नाव नसलेलं दुखणं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण रोज बोलतो. कापूस वेचणाऱ्या बोटांबद्दल कोणी बोलत नाही. सकाळी मूठ मिटत नाही, भाकरी थापताना मनगटातून कळ येते, पाय टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. डॉक्टर रक्त तपासतो, फोटो काढतो आणि सांगतो, काही नाही. मग घरचे म्हणतात, काही नाही ना? चल रानात! बाईचं दुखणं आळस ठरतं, गड्याचं दुखणं वय ठरतं.

हे दुखणं खोटं नाही. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवण गावात घरोघर जाऊन विचारपूस केली. चार हजारांवर प्रौढ माणसं. त्यांत शेकडा १८ जणांना हाडांचं, सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. त्यातलंही निम्म्याहून अधिक दुखणं स्नायू-शिरांचं, नाहीतर ठरलेलं नाव देता न येणारं. म्हणजे नाव न सापडणारे तुम्ही एकटे नाही.

पण नाव नाही असं ठरवण्याआधी जी नावं आहेत ती तपासून घ्या. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि आखडलेपण सकाळी तासभर हटत नाही, तर तो आमवात असू शकतो. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच तो सांधे खातो, तेव्हा थांबू नका. त्यावरची एक नेहमीची गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठी दोनदा वाचून घ्या.

ताप येऊन गेला आणि सांधे धरले, तर चिकुनगुनिया. ज्वारीच्या मुलखातल्या बार्शीत १९७३ साली त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षं तो दिसेनासा झाला आणि २००६ साली राज्यभर परतला. ताप आठवड्यात जातो, सांधे कित्येकांचे महिनोन्‌महिने दुखतात. हातापायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर साखर तपासा. कातडीवर बधिर चट्टा असेल तर लाजू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग बरा होतो.

आणि पाणी! यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग आणि थोरांची पाठ, गुडघे ताठ, असं एकाच वस्तीत दिसलं तर पाणी तपासायला द्या. उकळून फ्लोराइड जात नाही.

आता पुडीवाल्यांबद्दल. एका पुडीत सकाळी उठून नाचायला लागलात, तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय धरा. तोंड सुजतं, साखर चढते, हाडं पोकळ होतात. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही घातक; डॉक्टरला पुडी दाखवून हळूहळू सोडा. या पुड्यांपायी गोठ्यातली म्हैस विकलेली घरं मी पाहिली आहेत.

सगळं तपासूनही नाव सापडलं नाही, तर दुखण्यासकट जगायचं आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं सावकाश उघडा-मिटा. साखर असेल, पाय बधिर असतील, तर पाणी आधी दुसऱ्याला बघायला सांगा, भाजलेलं कळत नाही. विळ्या-खुरप्याची मूठ बारीक असली की बोटं जास्त आवळावी लागतात. जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड करा. दिवसभर खुरपत बसण्यापेक्षा तासाभराने काम बदला. अंथरूण मात्र धरू नका, बसून सांधे अजून आखडतात.

हे सांगणं सोपं आहे. वेचणीची मजुरी किलोवर असते, बोटं आखडलेल्या बाईचं वजन कमी भरतं. सरकार उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतं. त्या हातांच्या औषधाचा आणि बुडालेल्या दिवसांचा रकाना मला त्यात दिसलेला नाही. घरच्या वहीत तरी तो घाला. या हंगामापासून दवाखाना, एस.टी.चं भाडं, पुड्या, बुडालेले दिवस, सगळं तारखेनिशी लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या, आणि लिहिणाऱ्या बाईलाही बरोबर आणा.