हलके भरीत

पानाच्या डाव्या बाजूचा खरा मान भरताचा. खानदेशात त्याला तेलाची सढळ फोडणी देतात. शेतात राबणाऱ्यास ती पचते. परंतु डॉक्टरांनी तेल तोडावयास सांगितलेल्या माणसाने काय करावे? भरीत सोडू नये, तेल आवरावे. वांग्याच्या कच्च्या फोडी कढईत तेल पितात. अखंड वांगे विस्तवावर भाजले म्हणजे आपल्याच ओलाव्यात शिजते आणि धुराचा खमंगपणाही घेते. शंभर ग्रॅम वांग्यात सुमारे २५ उष्मांक, तर मोठ्या चमचाभर तेलात १२०! म्हणून गर निवल्यावर दही कालवावे, फोडणीस चहाचा एकच चमचा तेल घ्यावे. मीठ वाढतेवेळी घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही. मग पथ्याच्या माणसाचे पान पंक्तीत वेगळे मांडावे लागत नाही.