जिल्ह्याचा पैसा आणि गावची शाळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराकडून आपण पांडित्याची अपेक्षा करणार नाही, असा भरवसा आहे. मी केवळ एक व्यवहाराची गोष्ट आपणांपुढे ठेवणार आहे. गावच्या शाळेला पैसा कोठून येतो, आणि तो द्यावयाचा की नाही हे कोण ठरवितो?

हा प्रश्न आजच काढण्यास कारण आहे. मंडळाच्या शिक्षणनिधीतून गावोगावच्या शाळांचे छप्पर, बाके व स्वच्छतागृहे करून द्यावीत, अशी सूचना आपल्यापुढे विचारार्थ आहे. सूचनेमागील हेतू उदात्त आहे, याविषयी शंका नाही. तथापि जो खर्च सार्वजनिक तिजोरीने करावयाचा, तो आपण वर्गणीतून करू लागलो, तर तिजोरीवरील आपला हक्क आपणच सैल करू, असे मला नम्रपणे वाटते.

शाळेसाठी रयतेने पैसा देणे ही गोष्ट नवी नव्हे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकलफंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी हेच निक्षून सांगितले की, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष का? १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तात्पर्य, गावची शाळा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तिची किंमत आपल्या पणजोबांनी आण्या-आण्याने मोजलेली आहे.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पिण्याचे पाणी, गावरस्ते हा सारा संसार त्यांच्याकडे आला. शिक्षकांचे पगार राज्य शासनाच्या अनुदानातून होतात. परंतु परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, म्हणजे महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा इत्यादी, गरजेच्या मानाने तुटपुंजे असते. त्यातून मागासवर्गीयांसाठी २० टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी १० टक्के रक्कम राखून ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे. उरलेल्या रकमेत एका गावाचा रस्ता, दुसऱ्याचा दवाखाना आणि तिसऱ्याच्या शाळेचे छप्पर यांची ओढाताण चालते. अशा वेळी ज्याची मागणी कागदावर नसते, त्याचे नाव अंदाजपत्रकात येत नाही.

येथे कायद्याने आपल्या हाती एक साधन दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये प्रत्येक शासकीय व जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, आणि शासनाने वा स्थानिक संस्थेने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा, असे कायदा सांगतो. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुला-मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी ही कायद्यात लिहिलेली देणी आहेत. दुर्दैवाने हा आराखडा पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक एकटेच लिहितात आणि पालक न वाचता सही करतात.

मी एका शाळेवर असताना पावसाळ्यात दोन वर्ग गळत. तोंडी तक्रारी कैक वर्षे झाल्या. वरून उत्तरही तोंडीच येई. अखेर पालकांनी छपराचे माप घेतले, फुटलेली कौले मोजली, ग्रामसभेचा ठराव करून अर्ज पंचायत समितीत दिला आणि त्याचा आवक क्रमांक लिहून आणला. त्या क्रमांकाचा हवाला देऊन ते दर महिन्याला विचारपूस करीत. पुढील वर्षी छप्पर दुरुस्त झाले.

कोणी म्हणेल, २०२२ साली मुदत संपल्यावर अनेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले, तेव्हा मागावे कोणाकडे? माझे उत्तर असे की, खुर्चीवर सभासद असो वा अधिकारी, अंदाजपत्रक दरवर्षी मांडावेच लागते, आणि लेखी मागणीला लेखी उत्तर मागता येते.

दुसरा आक्षेप असा की, आपली मुले आता शहरात शिकतात. गावच्या शाळेशी आपला संबंध काय? बंधूंनो, जो भाऊ गावी राहून आपली जमीन सांभाळतो, त्याची मुले तेथेच शिकतात. शिवाय त्या बाकावर केवळ आपल्या ज्ञातीची मुले बसत नाहीत. गावासाठी मागितलेली शाळा सर्वांची असते, आणि सर्वांसाठी मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

मग मंडळाच्या निधीचे काय करावे? कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत दिला आहे. नववीपासून वसतिगृहाचा खर्च, परीक्षेची फी, मुलींचा जाण्यायेण्याचा खर्च हा भार घरावर पडतो, आणि नेमकी तेथेच आपली हुशार मुलगी घरी बसते. माझी विनंती अशी की, जेथे कायद्याचा हात संपतो तेथे आपला निधी सुरू व्हावा. त्याच्या अलीकडचे जे आहे, ते जिल्ह्याकडे हक्काने व सभ्यपणे मागावे. प्रत्येक गावातील आपल्या एका तरी कुटुंबाने यंदा शाळेचा आराखडा वाचावा आणि मार्चपूर्वी गावाची मागणी लेखी पोहोचवावी, इतके जरी झाले तरी हे संमेलन सार्थकी लागले असे मी समजेन.